घरचे पशुपक्षी, देवळाचे दार आणि महापालिकेचे नियम



मागे एका श्रावणात पहाटेच्या पूजेसाठी महाद्वार उघडले असता कडीला बांधलेले एक वासरू गुरुजींच्या दृष्टीस पडले. गोऱ्हा होता, जेमतेम दोन आठवड्यांचा. गळ्यात झेंडूची माळ, कपाळी हळदकुंकू आणि शेजारी हिरव्या चाऱ्याची पेंढी. दुधावरच्या वासराला चारा चालत नाही हे ठेवणाऱ्यास ठाऊक नसावे. परंतु त्याने ते श्रद्धेनेच ठेवले, याविषयी आम्हांस शंका नाही. आपल्या देवस्थानास गोठा नाही. दोन दिवस रखवालदाराने बाटलीने दूध पाजले, तिसऱ्या दिवशी वासराला हगवण लागली, पशुवैद्यांना बोलावणे झाले आणि अखेर शहराबाहेरच्या एका पांजरपोळात त्याची व्यवस्था केली. तेथे दाखल करतेवेळी अर्जावर 'मालकाचे नाव' असा एक रकाना होता. आम्ही क्षणभर थबकलो आणि मग त्यात विश्वस्त मंडळाचे नाव लिहिले. आठव्या दिवशी वासरू दगावल्याचा निरोप आला.

त्या रकान्यावरून पुढील बैठकीत बराच ऊहापोह झाला. देवाच्या दारात सोडलेल्या प्राण्याचा मालक कोण? सोडणारा, देव, विश्वस्त की महापालिका? वासराशिवाय पोपटाचा पिंजरा, सशांची जोडी, नवसाचा कोंबडा असेही जीव अधूनमधून आपल्या ओवरीत आढळतात. त्यांतील बहुतेक घरी हौसेने पाळलेले असतात आणि शेजाऱ्याची तक्रार, महापालिकेची नोटीस किंवा घर बदलणे यांपैकी काही तरी घडले की देवळात येतात. म्हणून घरी पशुपक्षी पाळण्यासंबंधीचे नियम आपल्या शहरापुरते एकदा समजावून सांगावेत, असे विश्वस्त मंडळाने ठरविले. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. जे वाचून व विचारून कळले, तेच येथे मांडीत आहोत.

आपल्या बडोद्याचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो मूळचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, तरी हा कायदा दोन्हीकडे राहिला. पुढे गुजरातेत त्याचे नाव गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाले, महाराष्ट्रात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. तात्पर्य, आपल्या पुण्याच्या नातेवाइकांच्या घरी जो नियम आहे, त्याचे मूळ व आपल्या नियमाचे मूळ एकच आहे. 'तिकडे चालते, इकडे का नाही' हा वाद पुष्कळदा ऐकू येतो, त्यात फारसा अर्थ नाही.

या कायद्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत व त्यांची गल्लत होते. पहिली परवान्याची. गाय, म्हैस, घोडा किंवा अन्य चतुष्पाद प्राणी विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी अथवा त्यांचे दूध वगैरे उत्पन्न विकण्यासाठी ठेवावयाचे असतील, तर आयुक्तांचा परवाना लागतो. एकच गाय असली आणि तिचे उरलेले दूध शेजारी दोन घरी पैसे घेऊन दिले, तरी शब्दशः पाहता तो व्यवहार या कलमात येतो. दुसरी गोष्ट उपद्रवाची. घरात कोणताही प्राणी अशा रीतीने ठेवता येत नाही की त्याचा इतरांस उपद्रव होईल किंवा धोका पोहोचेल. प्राण्यास विष्ठा वा तत्सम घाण खाऊ घालता येत नाही. आणि डुक्कर तर लेखी परवानगीविना मुळीच ठेवता येत नाही. कोंबडी चतुष्पाद नाही, म्हणून ती परवान्याच्या त्या कलमातून सुटते. उपद्रवाच्या तरतुदीतून मात्र सुटत नाही. परसात चार कोंबड्या स्वच्छ खुराड्यात असतील, तर सहसा कोणी विचारीत नाही. मात्र खुराडे शेजाऱ्याच्या खिडकीखाली असेल, विष्ठा पावसात गटारात वाहत असेल, तर एक लेखी तक्रार पुरेशी होते. परवाना नाही म्हणून मनाई नाही, आणि मनाई नाही म्हणून मोकळीक नाही, असे हे प्रकरण आहे.

गाईगुरांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात जे घडले, ते पुष्कळांना अर्धवट ठाऊक आहे. नागरी भागांत गुरे पाळणे व हलविणे यांवर नियंत्रण आणणारे विधेयक विधानसभेने ३१ मार्च २०२२ रोजी संमत केले. आठ महानगरे आणि १५६ नगरे त्याच्या कक्षेत येणार होती. गुरे पाळण्यास परवाना, परवान्यानंतर पंधरा दिवसांत प्रत्येक जनावरास बिल्ला, आणि बिल्ला न लावल्यास एक वर्षापर्यंत कैद वा दहा हजार रुपये दंड, असे त्याचे स्वरूप होते. मालधारी समाजाने कडाडून विरोध केला. पिढ्यान् पिढ्या गुरांवर जगणाऱ्या भरवाड-रबारी कुटुंबांचे म्हणणे असे की, शहर वाढत आमच्या गावांत व गोचरांत आले, आम्ही शहरात आलो नाही. हे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे आम्हांस वाटत नाही. त्याच वर्षी १३ ऑगस्टला कडी येथे तिरंगा यात्रेत शिरलेल्या गाईच्या धडकेने माजी उपमुख्यमंत्री नितीन पटेल जखमी झाले, तेव्हा दुसरी बाजूही सर्वांच्या डोळ्यांपुढे आली. अखेर राज्यपालांनी विधेयक परत पाठविले आणि २१ सप्टेंबर २०२२ रोजी ते मागे घेण्यात आले.

येथेच गैरसमज झाला. 'कायदा रद्द झाला, आता गुरे मोकळी सोडण्यास हरकत नाही', असे आपल्या काही सभासदांनीही आम्हांस सांगितले. मागे घेतले ते नवे विधेयक. जुने कायदे जागेवरच आहेत. रस्त्यावर गुरे मोकाट सोडणे हा पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ९० अ खाली गुन्हा आहे. प्राण्यापासून माणसास इजा होऊ नये म्हणून जी काळजी घ्यावयास हवी ती न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम भारतीय दंड संहितेत २८९ या क्रमांकाने होते. उच्च न्यायालयाने महानगरपालिकांना वेळोवेळी धारेवर धरले, २०२३ मध्ये राज्याच्या नगरविकास विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि अहमदाबादेत १ सप्टेंबर २०२३ पासून भटक्या गुरांविषयीचे धोरण अंमलात आले. गुरांची नोंद, कानात बिल्ला, बांधण्यास स्वतःची जागा आणि मोकाट आढळल्यास जप्ती, ही या साऱ्याची दिशा आहे. फी किती व अर्ज कोठे द्यावयाचा, हे बदलत असते. ते प्रभाग कार्यालयातच विचारावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. सकाळी देवदर्शनास येताना गाईला घास द्यावा, ही आपल्या घरोघरची रीत. त्यासाठी महाद्वाराबाहेर गवताच्या पेंढ्या विकणाऱ्या बायका बसतात, गवताच्या आशेने गाई येतात, आणि गाई येतात म्हणून गुरांचे धनी त्यांना पहाटेच सोडून देतात. दूध काढावयाचे त्यांनी, चारावयाचे आपण आणि शेण-गोमूत्राने घसरून पडावयाचे वृद्ध दर्शनार्थींनी! या वाटेवर पडून हाड मोडलेल्या दोन ज्येष्ठ भगिनी आपल्यातच आहेत. २०२२ च्या विधेयकात सार्वजनिक जागी चारा विकण्यास मनाई होती, ती याच कारणासाठी. मोकाट गुरांचे मूळ चाऱ्याच्या विक्रीत आहे, हे प्रशासनाने ओळखले होते. आमच्या मते गोग्रासाचे पुण्य गाईच्या पोटात घास जाण्यात आहे, तो रस्त्यात जाण्यात नाही. शिवाय घासाबरोबर प्लास्टिकची पिशवी, शिळी पोळी, प्रसादाचा शिरा हेही तिच्यापुढे पडते. रवंथ करणाऱ्या जनावराने एकाच वेळी पुष्कळ शिजवलेले धान्य किंवा गोड खाल्ले, तर पोटात आम्ल वाढून ते दगावू शकते. सणाच्या दुसऱ्या दिवशी पोट फुगलेल्या गाई का दिसतात, याचे हेही एक कारण आहे.

मूळ प्रश्न मालकीचा होता. त्याविषयी शोध घेता एक गोष्ट अशी कळली की ती वाचून आम्ही चकित झालो. मृताच्या नावे वृषोत्सर्ग करून वळू सोडण्याची प्रथा जुनी आहे. असा वळू कोणी पळविला तर ती चोरी होते काय, हा प्रश्न इंग्रजी अमलात १८८० च्या दशकातच न्यायालयांपुढे आला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने असे धरले की, धर्मविधीने मोकळा सोडलेला वळू कोणाच्याच मालकीचा राहत नाही. सबब त्याची चोरी झाली असे म्हणता येत नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाचे मतही पुढे तसेच पडले. म्हणजे ज्या वळूला आपण पवित्र मानून सोडला, त्याला कायद्याच्या दृष्टीने धनीच उरला नाही, आणि धनी नाही म्हणून त्याच्या वतीने तक्रार करणाराही नाही. याउलट मद्रास उच्च न्यायालयापुढे जो बैल होता, तो एका देवळातील देवास अर्पण करून मोकळा सोडलेला होता. न्यायालयाने म्हटले की हा बेवारस नव्हे. प्रथमदर्शनी त्या देवळाच्या विश्वस्ताकडे मालकीचे हक्क आहेत आणि मालकीची दायित्वेही आहेत.

'देवाच्या नावाने सोडला' आणि 'देवाला दिला' या दोन वाक्यांत एवढे अंतर आहे. दारी बांधलेल्या वासराच्या बाबतीत आमच्या लेखी दुसरे वाक्य लागू पडते. दुसऱ्याच्या गोठ्यात जनावर बांधून जाणारा ते 'मोकळे' सोडीत नाही. ज्याने बांधले त्याच्यावरही कायद्याची नजर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, कलम ११ मध्ये, भूक-तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला वाजवी कारणाविना टाकून देणे हे क्रूरतेतच गणले आहे. पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हेही त्यातच येते. पहिल्या अपराधास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये ठरविण्यात आला होता. १९६० साली तो काही तरी असेल, आज त्यात एक नारळ धड येत नाही. दंडाचा धाक नाही म्हणून अपराध नाही, असे कृपया समजू नये.

नवसाच्या कोंबड्याविषयी दोन शब्द. काही कुळांत कुलदैवतापुढे जिवंत कोंबडा सोडण्याची चाल आहे. आपल्या देवस्थानात तसा विधी नाही, तरीही वर्षाकाठी पाच-सात कोंबडे आवारात सोडलेले आढळतात. त्यांना रात्री मांजरे धरतात, दिवसा कुत्री. परंतु केवळ दयेपोटी आम्ही हे लिहीत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे, हे सुरत-भुसावळ मार्गाने जाणाऱ्या आपल्या सभासदांना ठाऊक असेलच. रोगानेही त्या सीमेची पर्वा केली नाही. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, आणि त्या केवळ मोठ्या पोल्ट्रीतल्या नव्हत्या. घरोघरच्या परसातले पक्षीही नेले. आजच्या केंद्रीय कृती आराखड्यानुसार रोग आढळलेल्या ठिकाणापासून एक किलोमीटर परिघातील पाळीव कोंबड्या-बदके नष्ट केली जातात व दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, त्याआधी मेलेल्यांची नाही. यास्तव ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांनी एकाएकी दोन-चार पक्षी मेले, तर ते गुपचूप नदीत टाकू नयेत किंवा उरलेले देवळात आणून सोडू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जनावरांतील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या अधिनियमाने, अनुसूचित रोगाचा संशय येताच कळविणे आणि आजारी जनावर वेगळे ठेवणे मालकावर बंधनकारकच केले आहे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत सौराष्ट्र-कच्छात काय झाले, ते स्मरणात असेलच.

पोपटाविषयी लिहिताना संकोच वाटतो, कारण विठू-विठू म्हणणारा पोपट आमच्याही बालपणी घरी होता. आपला हा हिरवा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्षी आहे. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि तो पाळल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लक्ष्मी यावी म्हणून घरात ठेवले जाणारे तारांकित कासव तर पहिल्या अनुसूचीत आहे. तेथे किमान शिक्षाच तीन वर्षांची. अनेकांना हे खरोखर ठाऊक नसते. परंतु पिंजरा ओवरीत ठेवून निघून गेल्याने पोपटही सुटत नाही आणि प्रश्नही सुटत नाही. तो पक्षी सांभाळण्याचा अधिकार आम्हांसही नाही. वनविभागास कळविणे हाच मार्ग. बाजारात मिळणारे लाल कानाचे छोटे कासव परदेशी आहे, त्याचा कायदा वेगळा. मात्र ते तलावात वा विहिरीत सोडू नये, कारण ते वाढून देशी कासवांच्या मुळावर येते. (विश्वामित्रीची मगर पुराच्या पाण्याबरोबर अंगणात आली, तर ती वनविभागाची पाहुणी समजावी. तिला नैवेद्य दाखविण्याची गरज नाही. हे विनोदाने लिहिलेले नाही.)

कुत्र्यांविषयी थोडक्यात. गृहनिर्माण संस्थेस पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, अशा सूचना पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच दिल्या आहेत. पण रेबीजची लस, साखळी आणि विष्ठा उचलणे ही मालकाची जबाबदारी. भटक्या कुत्र्यांना नेमून दिलेल्या जागीच खाऊ घालावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश आहे. तेव्हा महाप्रसादाच्या पत्रावळी मागील गल्लीत टाकू नयेत.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराचे जे हाल झाले, त्यात मुक्या प्राण्यांचे हाल आपण कमी पाहिले. प्रत्येक जण आपल्याच घरात अडकला होता. ज्यांच्याकडे गाय, शेळी वा कुत्रा आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वी उंच जागा ठरवून ठेवावी, आणि पाणी चढू लागताच निदान दावे व साखळी सोडावी. बांधलेल्या जनावराला पोहता येत असूनही उपयोग होत नाही.

वरील सर्व बाबींचा विचार करून विश्वस्त मंडळाने पुढीलप्रमाणे ठरविले आहे. यापुढे देवस्थान कोणताही जिवंत पशुपक्षी दान म्हणून स्वीकारणार नाही. गोदानाचा संकल्प असल्यास कार्यालयात आगाऊ सांगावे. ज्या गोशाळेत जागा आहे व जी लेखी पोच देते, अशा ठिकाणी गाय दात्याच्या नावाने नोंदविण्यास आम्ही साहाय्य करू. मालकाचा रकाना त्यामुळे कोरा राहणार नाही. घरची गाय, कुत्रा किंवा कोंबड्या सांभाळणे अशक्य झाल्यास निःसंकोच येऊन भेटावे. रात्री दारी बांधून जाण्यापेक्षा दिवसा येऊन अडचण सांगणे बरे. यात कोणाची निंदानालस्ती होणार नाही. महाद्वाराबाहेर गवत विकणाऱ्या भगिनींचा रोजगार एकदम बंद होऊ नये, म्हणून गोग्रास निधीतून त्यांच्याकडूनच गवत विकत घेऊन ते गोशाळेस पाठविण्याबाबत त्यांच्याशी बोलणे चालू आहे. त्यांतील दोघींनी होकार दिला आहे, इतरांचा विचार चालला आहे.

गोग्रास निधीची पावती दर्शनाच्या वेळेत कार्यालयात मिळेल. निधीचा जमाखर्च दर महिन्याच्या अखेरीस सूचनाफलकावर लावला जाईल. पुढील सर्वसाधारण सभेत हा विषय घेतला आहे. ज्या सभासदांस हा ठराव मान्य नसेल त्यांनी आपले म्हणणे सभेपूर्वी लेखी द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता